इस्त्रीच्या तळाला काय चिकटले आहे?

प्रजासत्ताक दिनाची किंवा स्नेहसंमेलनाची सकाळ. गणवेशाचा पांढराशुभ्र सदरा टेबलावर पसरलेला, इस्त्री तापलेली, आणि पहिल्याच फेऱ्यात ऐन छातीवर तपकिरी पट्टा उमटतो. दोष सदऱ्याचा नसतो आणि बहुतेक वेळा इस्त्रीही बिघडलेली नसते. मागच्या आठवड्यात खळ घातलेल्या साडीवरून आणि त्याआधी कुठल्या तरी नायलॉनच्या ओढणीवरून फिरताना तळावर जी पुटे चढली, ती तापून सैल होतात आणि सदऱ्यावर उतरतात.

गॅसची शेगडी रोज पुसली जाते, मिक्सरची भांडी रोज धुतली जातात. इस्त्री मात्र कपडे झाले की तशीच कपाटात जाते. कपड्याला डाग पडला की तिच्याकडे लक्ष जाते, आणि मग घाईघाईत कोणी सुरी घेते, कोणी तारेची घासणी, कोणी पॉलिशपेपर. त्या पाच मिनिटांत तळाचे जे नुकसान होते ते कायमचे असते. ओरखड्यांत पुढची घाण आणखी घट्ट बसते आणि इस्त्री पूर्वीपेक्षा लवकर काळी पडू लागते.

इस्त्री साफ करण्याच्या घरगुती युक्त्या डझनभर आहेत आणि त्यातली प्रत्येक कुठे ना कुठे लागू पडते. गोंधळ होतो तो एकच युक्ती सगळीकडे वापरल्याने. खळीचे पूट वेगळे, वितळलेले नायलॉन वेगळे, पाण्यातला क्षार वेगळा. चिकटले आहे काय, हे ओळखले की अर्धे काम झाले.

पहिला पाहुणा म्हणजे खळ. सुती साडी, खादीचा सदरा, डॉक्टरांचा कोट, पांढरी टोपी. कडक इस्त्री हवी तिथे खळ आली. घरची साबुदाण्याची किंवा भाताच्या पेजेची असो, की बाजारातली पावडर, मूळ पदार्थ पिष्टमयच. कपडा अर्धवट ओला असताना गरम इस्त्री फिरवली की खळीचा अंश तळाला लागतो, सुकतो, करपतो आणि तपकिरी, चकचकीत पापुद्रा तयार होतो. ताजा असताना तो पाण्याने सुटतो. इस्त्री बंद करून, पिन काढून, तळ कोमट झाला की ओल्या सुती फडक्यावर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घेऊन पुसायचे आणि मग नुसत्या ओल्या फडक्याने पुन्हा पुसायचे. बहुतेक घरांत एवढे पुरते. पापुद्रा जुना आणि करपलेला असेल तर दोन चमचे खाण्याच्या सोड्यात एक चमचा पाणी घालून पेस्ट करावी, गार तळावर पातळ लावावी, पाच मिनिटांनी मऊ फडक्याने गोल गोल चोळून पुसून घ्यावी. इथे धुण्याचा सोडा चालत नाही. तो बराच तीव्र असतो आणि ॲल्युमिनियमचा तळ त्याने काळवंडतो.

दुसरा पाहुणा जास्त चिवट. नायलॉन, पॉलिस्टर, ॲक्रिलिक हे सगळे धागे उष्णतेने आधी मऊ होतात आणि मग वितळतात. नायलॉनचा एक नेहमीचा प्रकार २२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, पॉलिस्टर २५० ते २६० अंशांच्या दरम्यान, पण मऊ आणि चिकट व्हायला ते त्याच्या बरेच आधी लागतात. इस्त्रीच्या चकतीवर आणि कपड्याच्या आतल्या पट्टीवर जे ठिपके असतात ते यासाठीच. एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. इस्त्रीच्या चित्रावर फुली असेल तर त्या कपड्याला इस्त्री नाहीच.

तरीही दोन ठिपक्यांवर ठेवलेली इस्त्री कपडा का चिकटवते? कारण ती नेमकी दीडशेवर थांबून राहत नाही. आतल्या थर्मोस्टॅटमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकांना जोडलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि वीज तुटते. इस्त्रीतून मधूनमधून येणारा ‘टिक्’ आवाज तो हाच. पण वीज तुटली तरी आतली उष्णता तळाकडे येतच राहते, म्हणून पारा ठरलेल्या आकड्याच्या वर जातो आणि मग खाली येतो. पहिल्या वेळी ही उडी सर्वांत मोठी असते. त्यामुळे दिवा विझला की लगेच नाजूक कपड्यावर तुटून पडू नये. तो पुन्हा एकदा लागून विझू द्यावा. इस्त्री झटपट तापते आणि सावकाश निवते, म्हणून कपड्यांचा क्रमही त्याच हिशेबाने लावावा. आधी रेशमी आणि कृत्रिम धाग्यांचे, मग टेरीकॉट, शेवटी सुती.

साड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आजच्या घरात माहीत असायला हवी. पूर्वी जर म्हणजे धातूची तार होती. आज बाजारातल्या पुष्कळ साड्यांत धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची जर असते. दिसायला ती तशीच झगझगते, पण गरम इस्त्रीखाली आकसते, वितळते आणि तळावर चमचमते ठिपके सोडते. टिकल्या, सीक्वेन्स आणि टी-शर्टवरची रबरासारखी चित्रे यांचेही तेच. पैठणी असो की साधी जरीकाठी, उलट्या बाजूने, वर पातळ सुती कापड घालून आणि कमी तापमानावरच इस्त्री करावी. साडी वाचते आणि तळही.

एवढे करूनही प्लास्टिक चिकटलेच तर ते गार असताना खरवडू नये. गार प्लास्टिक कडक असते, सुरी लावली की त्याच्याबरोबर तळावरचा नॉन-स्टिक लेपही निघतो. इस्त्री हळूहळू तापवावी, थर मऊ पडू लागला की पिन काढावी आणि लाकडी उलथण्याच्या कडेने तो अलगद ढकलावा. उरलेला अंश जाड, जुन्या सुती कापडावर इस्त्री फिरवून त्यात उतरवावा. हे करताना खिडकी उघडी हवी, कारण करपणाऱ्या प्लास्टिकचा धूर छातीत जाणे चांगले नाही. नेलपॉलिश रिमूव्हर वापरण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. नायलॉन आणि पॉलिस्टर ॲसिटोनमध्ये विरघळतच नाहीत, त्यामुळे बहुतेक वेळा उपयोग शून्य आणि गरम इस्त्रीजवळ तो भडकण्याचा धोका पुरेपूर. तो सल्ला मुळीच मानू नये.

तापाच्या गोळीची युक्तीही घरोघरी पोचली आहे. चिमट्यात पॅरासिटामॉलची गोळी धरून गरम तळावर घासायची आणि लगेच फडक्याने पुसायचे. काळे डाग निघताना दिसतात, हे खरे. पॅरासिटामॉल १७० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे तापलेल्या तळावर त्याचा पातळ रस होतो आणि करपलेले पूट त्याच्याबरोबर सुटून येते. पण त्याच वेळी औषधाचा धूर नाकात जातो, बोटे दोनशे अंशांच्या धातूजवळ असतात आणि पुसायला जरा उशीर झाला तर गोळीचाच नवा थर बसतो. साबण आणि सोडा हाताशी असताना औषध जाळण्याचे कारण नाही.

मिठाची युक्ती जुनी आहे आणि योग्य जागी चांगली आहे. कागदावर किंवा फडक्यावर बारीक मीठ पसरून त्यावर गरम इस्त्री फिरवली की मिठाचे कण पूट घासून काढतात. मात्र ही युक्ती बिनलेपाच्या, साध्या धातूच्या तळासाठी आहे. काळ्या किंवा राखाडी नॉन-स्टिक तळावर मीठ, टूथपेस्ट, पॉलिशपेपर, तारेची घासणी यांपैकी काहीही लावू नये. १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडलेला टेफ्लॉन हा पदार्थ तव्यांप्रमाणे इस्त्रीच्या तळावरही आला. तो उष्णता चांगली सोसतो, पण खरवडणे सोसत नाही. मीठ वापरलेच तर नंतर तळ ओल्या फडक्याने नीट पुसून कोरडा करावा, नाहीतर उरलेले कण दमट हवेत धातू खातात. कोकणातल्या पावसाळ्यात हे फार लवकर घडते.

मेणबत्ती फिरवण्याची पद्धत कोळशाच्या इस्त्रीच्या काळातली. लोखंडी तळाला मेणाचा पातळ हात दिला की तो गंजत नसे आणि कपड्यावरून सहज सरकत असे. आजच्या वाफेच्या इस्त्रीत तेच मेण भोकांत शिरते आणि नंतर कपड्यावर तेलकट ठिपके पाडते. ती युक्ती आता जुन्या जड इस्त्रीपुरतीच ठेवावी.

आणि तळ कितीही घासला तरी आठवड्यात पुन्हा मळत असेल तर इस्त्रीखाली पाहावे. टेबलावर किंवा पलंगावर अंथरलेली चादर, तिच्यावर वर्षभर सांडलेली खळ, करपलेले डाग, जुन्या रंगाचे ओघळ. पुसलेली इस्त्री त्याच चादरीवरून फिरते आणि तीच घाण उचलते. ती चादर महिन्यातून एकदा धुवायला हवी. इस्त्रीच्या देखभालीत सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच आहे.

आता वाफेची इस्त्री. तिचे दुखणे बाहेरून नाही, आतून येते, आणि ते गावागणिक बदलते.

पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पाणी उकळताना मागे राहतात. कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते, म्हणजे जवळपास खडू. चहाच्या पातेल्याच्या तळाशी किंवा गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर जमतो तोच इस्त्रीच्या पोटात आणि भोकांत जमतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा दर लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. समजा, घरच्या पाण्याचा कठीणपणा ३०० आहे आणि इस्त्रीच्या टाकीत पाव लिटर पाणी मावते. एका टाकीत ७५ मिलिग्रॅम क्षार झाले. आठवड्यातून दोनदा टाकी भरली तर वर्षाकाठी पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. वाफ उडून जाते, क्षार जात नाहीत. ज्या भोकांतून वाफ यायची ती जेमतेम काडी जाईल एवढी, त्यांच्यासाठी हा भार फार मोठा आहे.

मुंबईत भातसा, तानसा, वैतरणा यांचे सह्याद्रीतल्या पावसाचे पाणी येते, पुण्यात खडकवासल्याचे. हे पाणी तुलनेने मऊ असते. त्याच शहरांच्या कडेला नव्याने उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमध्ये बोअर आणि टँकर चालतो, मराठवाड्यातल्या कित्येक गावांत बोअरशिवाय दुसरा आधार नाही. म्हणून एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या दोन इस्त्र्यांपैकी एक पाच वर्षे वाफ देते आणि दुसरी वर्षभरात पांढरे तुकडे थुंकू लागते. इस्त्री घेण्याआधी घरची बादली आणि नळाची तोटी पाहावी. तोटीवर पांढरे पापुद्रे धरत असतील तर नळाचे पाणी थेट इस्त्रीत घालू नये. आरओचे पाणी, किंवा निम्मे नळाचे आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी वापरावे.

मग एसीतून ठिबकणारे पाणी का नको? तेही वाफेचेच पाणी, असा हिशेब अनेक घरांत केला जातो. पण ते एसीच्या धुळीने माखलेल्या, बुरशी धरणाऱ्या जाळीवरून आणि ट्रेमधून येते. ते इस्त्रीत घातले तर तपकिरी डाग पडतात. गाडीच्या बॅटरीसाठी मिळणारे पाणी, अत्तर, कपडे मऊ करणारे द्रव आणि खळ यांनाही टाकीत जागा नाही. लिंबाचा रस तर मुळीच नको. त्यातली साखर आणि गर आत करपतो आणि एका दुखण्याची दोन होतात.

व्हिनेगरबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. त्यातले ॲसिटिक आम्ल कॅल्शियम कार्बोनेट विरघळवते, रसायनशास्त्र बरोबर आहे. म्हणून भोकांच्या तोंडाशी जमलेला पांढरा थर काढायला काडीला कापूस गुंडाळून, तो व्हिनेगर आणि पाण्याच्या समभाग मिश्रणात बुडवून, गार इस्त्रीवर एकेका भोकाशी फिरवावा आणि लगेच साध्या पाण्याने पुसून घ्यावे. टाचणी किंवा सुई घालू नये, भोकाची कड खरवडली जाते. टाकीत व्हिनेगर ओतायला मात्र पुष्कळ कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत स्पष्ट मनाई असते, कारण आतले रबरी वायसर आणि धातूवरचा लेप आम्लाने खराब होतो. पुस्तिका सापडत नसेल तर मनाई आहे असेच धरून चालावे.

टाकीच्या आतला क्षार काढण्यासाठी बहुतेक वाफेच्या इस्त्र्यांना ‘सेल्फ क्लीन’ची सोय असते आणि बहुतेक घरांत ती कधीच वापरली जात नाही. टाकी भरायची, इस्त्री पूर्ण तापवायची, दिवा विझला की पिन काढायची, इस्त्री मोरीवर किंवा बेसिनवर आडवी धरून ते बटण दाबून ठेवायचे आणि हलके हलवायचे. गरम पाण्याबरोबर पांढरा, कधी तांबूस गाळ बाहेर पडतो. हात आणि तोंड दूर ठेवावे, वाफ भाजते. मग इस्त्री पुन्हा तापवून जुन्या फडक्यावर फिरवून कोरडी करावी. मऊ पाण्याच्या घरात हे दोन महिन्यांतून एकदा पुरे, बोअरच्या पाण्यावर पंधरा दिवसांनी करावे.

‘इस्त्री गळते’ म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक इस्त्र्या गळत नसतात. चकती कमी तापमानावर असताना वाफेचे बटण दाबले की पाण्याची वाफ होत नाही, ते थेंबाथेंबाने खाली येते. दोन ठिपक्यांच्या खाली वाफ मागू नये. काम झाल्यावर टाकीतले पाणी इस्त्री गरम असतानाच ओतून टाकावे, म्हणजे उरलेला ओलावा तिच्याच उष्णतेने उडून जातो. आणि इस्त्री नेहमी मागच्या टेकूवर उभी ठेवावी.

साफसफाईत चूक झाली तर सदरा जातो. वायरीत चूक झाली तर माणूस जातो.

न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी १८८२ मध्ये विजेच्या इस्त्रीचे पेटंट घेतले, पण ती रोजच्या वापराला टिकाऊ झाली ती १९०६ मध्ये पेटंट मिळालेल्या निक्रोमच्या तारेमुळे. निकेल आणि क्रोमियमचा हा मिश्रधातू लाल होईपर्यंत तापला तरी गंजत नाही. आपल्याकडच्या साध्या इस्त्रीत निक्रोमची चपटी पट्टी अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर गुंडाळलेली असते. अभ्रक उष्णता जाऊ देतो, वीज नाही. हा पत्रा चिरला किंवा आत पाणी शिरले की वीज थेट धातूच्या अंगात येते. म्हणूनच इस्त्री कधीही नळाखाली धरू नये, आणि म्हणूनच तिची तिसरी पिन, अर्थिंगची जाड पिन, सर्वांत महत्त्वाची. वीज अंगात उतरली तर ती हिरव्या वायरीतून जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. दोन पिनांचा जोड लावून किंवा जाड पिन काढून टाकून इस्त्री चालवली की ती वाट बंद होते, आणि वीज जमिनीकडे जाते ती इस्त्री धरलेल्या हातातून. घराच्या मीटरजवळ, वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणे हा त्यावरचा आणखी एक पहारा.

१००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर वीज घेते, ती साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते. २००० वॉटची वाफेची इस्त्री जवळपास ८.७ अँपिअर घेते. तिला १६ अँपिअरचेच सॉकेट हवे. स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डावर ती लावली की बोर्ड तापतो, प्लास्टिक पिवळे पडते. पिन काढल्यावर ती हाताला गरम लागली तर सॉकेट ढिले आहे, असे समजावे.

वायर जिथे इस्त्रीत शिरते ती मान सर्वांत आधी मोडते. इस्त्री पुढे-मागे होते तशी आतल्या तांब्याच्या बारीक तारा त्याच जागी वाकत राहतात आणि एकेक करून तुटतात. वायर हलवली की दिवा लुकलुकतो, कधी चरचर आवाज येतो, कधी जळका वास. अशा वेळी इन्सुलेशन टेप गुंडाळून भागवू नये. वायर सबंध बदलावी, तीही इस्त्रीसाठीची, सुती वेणीची. साध्या प्लास्टिकची वायर गरम तळाला टेकली की वितळते. काम संपल्यावर वायर गरम इस्त्रीभोवती घट्ट गुंडाळण्याची सवय मोडावी. आधी इस्त्री निवू द्यावी, मग सैल वेढे घालावे.

दुरुस्तीवाल्याकडे गेल्यावर एक गोष्ट आवर्जून विचारावी. नव्या इस्त्र्यांत थर्मोस्टॅट अडकला तर वीज तोडणारा एक छोटा थर्मल फ्यूज असतो. तो उडाला की इस्त्री एकदम गप्प होते. काही ठिकाणी तो काढून दोन टोके जोडून ‘डायरेक्ट’ करून दिली जातात. इस्त्री चालू होते, पण पुढच्या वेळी थर्मोस्टॅट अडकला तर तिला थांबवणारे काही उरत नाही. नवा फ्यूज टाकून घ्यावा आणि अर्थिंगची वायर परत जोडली आहे ना, तेही पाहावे. वीस-तीस वर्षांपूर्वीची जड इस्त्री घरी उघडण्याचा मोह टाळावा. तशा इस्त्र्यांत एलिमेंटच्या वर ॲस्बेस्टॉसचा पत्रा घालत असत, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली इस्त्री ई-कचऱ्यात मोडते, ती अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावी. नवी घेताना विजेच्या इस्त्रीसाठीच्या आयएस ३६६ या मानकाचा आयएसआय शिक्का पाहून घ्यावी.

आणि आजच एकदा घरातली इस्त्री गार असताना हातात घ्या, उलटी करून तळ पाहा, वायरीची मान बोटांनी चाचपा. वेणी उसवलेली दिसली किंवा आतली तार हाताला लागली, तर वायर बदलेपर्यंत ती इस्त्री लावू नका, घरात कोणाला लावू देऊ नका.